उत्तर कुठी आहे

भाऊंना डावं-उजवं नव्हतं. चहाचा कप पुढे ठेवला तर म्हणायचे, "थोडा दक्षिणेकडे सरकव." शर्टाच्या खिशाचं बटण तुटलं तर घरी सांगायचे, पश्चिमेकडच्या खिशाचं तुटलं. त्यावर वहिनी एकदा म्हणाल्या होत्या, "तुमी फिरले का तो खिसा पूर्वेले जाते. मंग मी कोणता शिवू?" भाऊंनी त्याचा खरोखर विचार केला होता. थोड्या वेळाने म्हणाले, मी शिवायले देल्लं तवा ज्या दिशेले होता, तो.

ते पोंभुर्ण्याच्या बाजूच्या जंगलातल्या एका राऊंडचे वनपाल होते आणि मी त्यांच्या हाताखाली नवी वनरक्षक. माझं माहेर नदीपलीकडे, चामोर्शीजवळच्या एका गावात. वडील तलावात मासे धरायचे. रुजू व्हायला गेले तेव्हा भाऊंनी माझं नियुक्तीपत्र टेबलावर पालथं टाकलं आणि विचारलं, "उत्तर कुठी आहे?"

मला वाटलं, कसला तरी प्रश्न विचारला होता आणि माझं लक्ष नव्हतं. मी म्हटलं, साहेब, प्रश्न परत सांगा. त्यांना कळायला वेळ लागला, मग हसता हसता ठसका लागला. मिशी पुसत म्हणाले, "उत्तर दिशा, बाई. दिशा." मी हात केला तो कपाटाकडे, म्हणजे आग्नेयेला. त्यांनी वनमजुराला हाक मारून सांगितलं की मॅडमला एकटीनं आत जाऊ देऊ नका.

कचेरीत त्यांना साहेब म्हणायचं आणि जंगलात भाऊ, असा त्यांचाच नियम होता. जंगलात साहेब कोणी नसते म्हणायचे.

जीपीएसचा त्यांना राग होता. सरकारने दिलेलं यंत्र ते कापडात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवत. पण कागद मात्र एक कोरा सोडत नसत. लग्नपत्रिकेच्या मागे, औषधाच्या खोक्यावर, पेपराच्या कडेला नाले काढत बसायचे. आपल्या राऊंडमधला प्रत्येक नाला त्यांना वळणासकट पाठ होता. पाठ म्हणणंही बरोबर नाही. त्यांना तो दिसायचा, आणि वरून दिसायचा. एकदा मी विचारलं की हे डोक्यात कसं राहतं, तर म्हणाले, "राह्यत नाई. मी डोये मिटले का जंगल उभं होते. मंग मी त्याले फिरवतो. इकून पाह्यतो, तिकून पाह्यतो."

त्यांचं ठाम मत होतं की हे पुरुषाच्या डोक्याचं काम आहे. बाईच्या डोक्यात नकाशा बसत नाही. मी चिडायचे. मी माझ्या पद्धतीने रस्ते लक्षात ठेवले होते: वीज पडलेला बिजा, तिथून दोन वारुळं, मग ज्या ऐनाच्या बुंध्यावर अस्वलाच्या नखांचे ओरखडे आहेत तो. कधी चुकले नाही. भाऊ म्हणायचे, हे झाडाचं बोट धरून चालणं झालं. उद्या बिजा पडला का तू बी पडली.

खरं सांगायचं तर त्यांच्याशी वाद घालायची सोय नव्हती, कारण एकदा मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. हिवाळ्यातल्या प्राणीगणनेला नागपूरहून दोन स्वयंसेवक आले होते, चाळिशीतले, बँकेत नोकरी करणारे. सकाळी ठरलेल्या रेषेवर चालायला गेले आणि दुपार झाली तरी बाहेर आले नाहीत. आभाळ भरलेलं, सूर्याचा पत्ता नाही, फोनला रेंज नाही, आणि त्याच भागात आदल्या आठवड्यात वाघिणीने एक बैल मारला होता. रेंज ऑफिसर माणसं वाटून चारी बाजूंनी पाठवायच्या तयारीत होते. भाऊ म्हणाले, दहा मिनिटं थांबा. ते खाली बसले, डोळे मिटले आणि हवेत बोट फिरवत राहिले. मध्येच विचारलं, त्यांच्यातला पुढे चालणारा जाडा होता की बारीक. कोणी तरी सांगितलं, जाडा. भाऊ उठले. म्हणाले, जाड्या माणसाला चढ नको असतो, तो उताराला लागला असेल, आणि पाणी दिसलं की पाण्याबरोबर जाईल.

मी त्यांच्या मागे गेले. बांबूचं रान, सगळीकडे सारखं. पाऊलवाट नाही. पाऊण तास ते चालले, एकदाही थांबले नाहीत. नाल्याच्या एका वळणावर आम्ही बाहेर निघालो तर समोर ते दोघे दगडावर बसलेले, बूट काढून. एकाने भाऊंचे पाय धरले. भाऊ त्याला म्हणाले, पाय नका धरू, ते पूर्वेकडचं पाऊल ठणकून राह्यलं.

दुखणं कधी सुरू झालं ते मला नेमकं माहीत नाही. गस्तीत ते वारंवार झाडामागे जायला लागले होते, आणि मी बाई असल्याने त्याबद्दल आमच्यात बोलणं शक्य नव्हतं. मग एकदा दोन आठवडे रजेवर गेले. परत आले तेव्हा वाळले होते. महिनाभर काही सांगितलं नाही. मला कळलं ते वहिनींकडून. लघवीच्या जागेजवळ जी पुरुषग्रंथी असते, प्रोस्टेट म्हणतात ती, तिचा कॅन्सर होता आणि तो कंबरेच्या हाडात उतरला होता. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हा आजार पुरुषाच्या हार्मोनवर जगतो. ते हार्मोन बंद करायचं. दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन.

इंजेक्शनने आजार खरोखर दबला. दुखणं थांबलं, भाऊंना भूक लागायला लागली. पण भर थंडीत त्यांना एकदम घाम फुटायचा, चेहरा लाल व्हायचा. सकाळच्या हजेरीला आम्ही सगळे स्वेटर घालून आणि भाऊ फायलीने वारा घेत. वहिनी मला स्वयंपाकघरात सांगत होत्या, "माह्ये हे दिवस सात वर्षाआधी सरले. आता त्यायचे आले. मी त्यायले म्हटलं, घाबरू नोका, मले सारं मालूम आहे." असं म्हणून त्या हसल्या आणि हसताना पदर डोळ्यांना लावला.

दिशांचं पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं ते एका कक्षाच्या हद्दीवर. हद्दीचा दगड शोधायचा होता. भाऊ सराईतासारखे निघाले आणि उलट्या बाजूला. मला वाटलं, त्यांना जवळची वाट माहीत असेल. दोन तास झाल्यावर आम्ही निघालो तिथेच येऊन पोहोचलो. परत येताना ते पुढे नव्हते, माझ्या बरोबरीने चालत होते, आणि मी कुठे वळते ते पाहत होते.

नंतर ते कमी बोलायला लागले. चहाचा कप स्वतःच सरकवून घ्यायचे. औषधाच्या खोक्यांवर नाले दिसेनात.

मग तो दिवस आला. उन्हाळ्याच्या तोंडावर जाळरेषेचं, वणवा अडवायला गवताचा पट्टा आधीच जाळून ठेवायचं, काम चाललं होतं. भाऊ सकाळी एकटेच पाहणी करायला गेले, दोन किलोमीटर सुद्धा नसेल. जेवणाच्या वेळी आले नाहीत. तीन वाजता मी आणि दोन वनमजूर निघालो. माझ्या डोक्यात काही जंगल उभं राहत नव्हतं, मी त्यांच्या चपलांचे ठसे पाहत गेले. ठसे गोल गोल फिरले होते. एकाच कळमाच्या झाडापाशी चार वेळा आले होते. शेवटी ते सापडले एका कोरड्या नाल्यात, सावलीला बसलेले. पाण्याची बाटली रिकामी. ज्या राऊंडमध्ये त्यांनी एकवीस वर्षं काढली, त्याच्या अगदी मधोमध.

मजुरांना मी पाणी आणायच्या निमित्ताने मागे पाठवलं. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं नाही. हळू विचारलं, "उत्तर कुठी आहे?"

मी हात करून दाखवला. त्यांनी तिकडे बराच वेळ पाहिलं, जसं काही तिथे कोणी यायचं होतं. मग म्हणाले, "डोये मिटतो तं काईच उभं होत नाई, पोरी. नुसता अंधार आहे."

पुढच्या इंजेक्शनला मी त्या दोघांबरोबर नागपूरला गेले. वहिनींनीच बोलावलं, डॉक्टर काय म्हणतात ते नीट ऐकून सांग म्हणाल्या. डॉक्टर भले होते, घाईत नव्हते. भाऊंचं सगळं ऐकून त्यांनी एका कागदावर ठोकळ्यांची चित्रं काढून दिली. एक ठोकळा वर, आणि खाली तसेच चार, वेगवेगळे वळवलेले. वरचा ठोकळा मनात फिरवून पाहा आणि सांगा, खालच्यांपैकी तो कोणता. भाऊंनी चित्राकडे पाहिलं. मग कागदच फिरवला. पुन्हा फिरवला. डॉक्टरांनी हळूच कागद काढून घेतला.

त्यांनी समजावून सांगितलं ते मला जसं आठवतं तसं लिहिते. टेस्टोस्टेरॉन हे नुसतं दाढी-मिशीचं आणि ताकदीचं द्रव्य नाही. मेंदूतही ते काम करतं. जागेचा अंदाज घेणं, वस्तू मनातल्या मनात फिरवून बघणं, यात पुरुषांच्या बाबतीत त्याचा काही हात असावा असं मानतात. ते बंद केल्यावर काही रुग्णांना असा त्रास होतो, पुष्कळांना काहीच होत नाही. तुमच्या बाबतीत वय असेल, अपुरी झोप असेल, मनावरचं ओझं असेल. छातीठोकपणे मी सांगू शकत नाही.

भाऊंनी विचारलं, इंजेक्शन थांबवलं तर परत येईल का? डॉक्टर म्हणाले, येईलही, नाहीही. आजार मात्र नक्की येईल.

"बाईच्या अंगात हे किती असते?" भाऊंनी विचारलं.

फार थोडं, डॉक्टर म्हणाले.

भाऊंनी माझ्याकडे बोट केलं. "मंग हे जंगलात कशी चालते?"

डॉक्टर हसले. म्हणाले, त्या दुसऱ्या रीतीने चालत असतील. एकच रीत असते असं कोणी सांगितलं?

येताना बस वरोऱ्याला थांबली. बाहेर कापसाच्या गाड्या उभ्या होत्या, हवेत कापसाचे तंतू उडत होते. वहिनी खाली उतरल्या. भाऊ खिडकीशी बसून होते. मला म्हणाले, "म्हंजे ते माहं नव्हतंच. मी समजत होतो का मी हुशार आहो. ते रक्तातलं पाणी होतं. ते आटलं तं मी आटलो." मी म्हटलं, भाऊ, एकवीस वर्षं चाललेत ते पाय तुमचेच होते. त्यांना ते पटलं नाही. मलाही म्हणताना फारसं खरं वाटलं नव्हतं.

त्यानंतरचे दोन महिने मी कधी विसरणार नाही, कारण त्या दोन महिन्यांत भाऊ माझे विद्यार्थी होते. रोज सकाळी आम्ही माझ्या खुणांनी चालायचो. बिजा, दोन वारुळं, ओरखड्यांचा ऐन. ते प्रत्येक झाडाला हात लावायचे आणि पुटपुटायचे. एका ठिकाणी म्हणाले, "इथून उजवीकडे." त्यांच्या तोंडून मी तो शब्द पहिल्यांदा ऐकला.

ते शिकले. खरंच शिकले. तीन वाटा त्यांना एकट्याने जाता यायला लागल्या. पण एके दिवशी वारुळापाशी थांबून म्हणाले, "हे माह्यं घर होतं. आता मी याच्यात पाहुण्यावाणी राह्यतो. बैठकीत बसा म्हटलं तं बसायचं, आतमंधी जायचं नाई."

पुढच्या तारखेला त्यांनी घरी सांगितलं की नागपूरला मी एकटा जातो. संध्याकाळी परत आले. दुसऱ्या दिवशी गस्तीत मला म्हणाले, मी गेलो नाही. वरोऱ्याच्या बसस्टँडवर दिवसभर बसलो आणि परतीच्या गाडीत चढलो. आणि म्हणाले, वहिनीला सांगायचं नाही. मी काय करायला हवं होतं ते आज मला सहज सांगता येईल. त्या दिवशी मी मान हलवली.

सहा महिने मी ते पोटात ठेवलं. दोन इंजेक्शनं चुकली. त्या काळात भाऊंना काही परत आलं का? मला खात्रीने सांगता येत नाही. घामाचे झटके कमी झाले. एका सकाळी आम्ही तलावाच्या पाळीवर उभे होतो, तिथे ढिवर बाया जाळं ओढत होत्या. भाऊंनी डोळे मिटले, स्वतःभोवती दोन गिरक्या घेतल्या आणि हात पसरून म्हणाले, "हे उत्तर." बरोबर होतं. पुन्हा गिरक्या घेतल्या, पुन्हा बरोबर. तिसऱ्यांदा चुकलं, पण तोपर्यंत त्यांनी डोळे उघडले नव्हते आणि ते हसत होते, म्हणून मी म्हटलं, बरोबर. बाया जाळं सोडून पाहत राहिल्या. मिशा पिकलेला माणूस लहान लेकरासारखा गोल फिरतोय, याचं त्यांना हसू येत होतं.

मी खोटं बोलले ते तिथे. त्यानंतरचं सगळं त्याच्यामागून आलं असं मला वाटतं, पण हे माझं वाटणं आहे.

पावसाळ्यात त्यांनी कंबरेवर हात ठेवून चालायला सुरुवात केली. विचारलं तर म्हणायचे, गादी बदलली आहे. मग एक दिवस चढावर ते दगडावर बसले आणि उठताना त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून मी खाली आल्यावर सरळ त्यांच्या घरी गेले. वहिनी ओट्यावर लाखोळीची डाळ निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मला एक शब्द रागाने बोलल्या नाहीत. एवढंच विचारलं, "तुले कवापासून मालूम आहे?" मी सांगितलं. त्यांनी पुन्हा सूप घेतलं, पण डाळ निवडता येईना.

भाऊ आले तेव्हा मी तिथेच होते. वहिनींनी ओरडा केला नाही, रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मले नकाशा नाई पाह्यजे. मले तुमी पाह्यजे."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर ते माझ्याशी कधीही बोलले नाहीत.

इंजेक्शनं पुन्हा सुरू झाली. आजार मध्यंतरी मणक्यात चढला होता, तो थोपवता आला, मागे लोटता आला नाही. भाऊंनी राजीनामा दिला. मी महिन्यातून एकदा जायचे. ते खाटेवर असले तर भिंतीकडे तोंड करायचे, अंगणात असले तर आत जायचे. एकदा दारात अगदी समोरासमोर आलो. मी भाऊ म्हटलं. ते बाजूला झाले, जसं आपण अनोळखी बाईला वाट देतो. तरी मी जात राहिले. वहिनी चहा करायच्या आणि आम्ही दोघी प्यायचो.

असं वर्ष गेलं. धान कापणीच्या दिवसांत भाऊ गेले. मला फोन आला तेव्हा मी गस्तीवर होते, पोहोचले तोवर सगळं आटोपलं होतं.

तेराव्यानंतर काही दिवसांनी मी वहिनींकडे गेले. मला जे विचारायचं होतं ते विचारलं. माझ्याबद्दल शेवटी काही बोलले का.

त्यांना खोटं बोलता आलं असतं. बोलल्या असत्या तर मी आनंदाने ऐकलं असतं. त्या म्हणाल्या, "नाई, पोरी. एकदा मी तुह्यं नाव काढलं तं म्हणे, माह्या घरात ते नाव घेऊ नोको. त्यायचा राग संगं गेला."

मी चप्पल घालायला उठले. वहिनींनी मला मनगटाला धरून खाली बसवलं.

"तुले एक सांगतो," त्या म्हणाल्या. "लगीन झाल्यापासून हा माणूस माह्या पुढं चालला. बजारात जा, लग्नाले जा, दवाखान्यात जा, दहा पावलं पुढं. मांगं पाह्यत बी नव्हता, त्याले मालूम राहे का मी येऊनच राह्यली. ह्या सालात त्याले घराची गल्ली बी सापडेना. मंग रोज संध्याकाळी माह्या हाताले धरून चाले. भर बजारातून. लोकं पाह्यत, तरी सोडे नाई. त्याचं तू चांगलं केलं का वाईट, ते मले नाई सांगता येत. पण मले ते एक साल तुह्याच्यानं भेटलं."

मनगट त्यांनी अजून सोडलं नव्हतं. अंगणात ऊन उतरत होतं. मी बसून राहिले.